शिडाचा दोर

निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. परंड्याच्या बाजूला नवा तलाव झाला, माझ्या नवऱ्याची तिथं देखरेखीच्या कामावर नेमणूक झाली, आणि तलावाबरोबर एक होडीही आमच्या पदरात पडली. आधीचे साहेब समुद्रकाठचे. तिकडं ते सुट्टीच्या दिवशी ही शिडाची होडी घेऊन किनाऱ्यानं फिरत, रात्रीचा मुक्कामही होडीतच करत. इथं येताना त्यांनी ती आगगाडीनं कुर्डुवाडीपर्यंत आणि पुढं बैलगाडीवर लादून आणली, आणि बदली झाल्यावर इथंच टाकून गेले. जुनी सागवानी होडी, गाडीपेक्षा थोडी लांब, मध्ये डोलकाठी. जाण्याआधी साहेबांनी यांना दोन-तीनदा पाण्यात नेऊन शिकवलं, तेवढ्यावर हे स्वतःला खलाशी समजायला लागले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

मला ती होडी पहिल्यापासून आवडली नव्हती. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर नाहीतर आड, आणि दोन्हींत जीव दिलेल्या बायका मला माहीत होत्या. पाण्यावर गंमत म्हणून जायचं, हे मला पटतच नव्हतं.

श्रावणात सासरे कळंबकडून आम्हाला भेटायला आले. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. होडीलाही त्यांनी गाडीसारखंच वागवलं. शिडाचा दोर ज्या कप्पीतून फिरतो तिला चाकाचं वंगण लावलं, पुढच्या टोकाला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, तूबी चल. घरची लक्ष्मी बसल्याबिगर नव्या गाडीचा गुण कळत न्हाय."

"मामंजी, पोरगी तान्ही हाय," मी म्हणाले.

"मग तिलाबी घे की."

सासऱ्यांचा शब्द, मोडणार कोण? पाच महिन्यांची मुलगी मी जुन्या पातळाच्या तुकड्यानं पोटाशी घट्ट बांधली, म्हणजे फळी धरायला दोन्ही हात मोकळे, आणि जीव मुठीत धरून बसले. मला पोहता येत नव्हतं. सासऱ्यांनाही नाही. हे मात्र विहिरीत उड्या मारतच वाढलेले.

तलावाच्या मध्यापर्यंत सगळं बरं चाललं होतं. डोंगराच्या खिंडीसमोर आलो आणि वारा एकदम आडवा आला. शीड फुगलं, होडी एका अंगावर कलली, माझ्या बाजूची कड पाण्याला टेकली. पाणी आत यायला लागलं. माझी पाचावर धारण बसली.

"आवळ, लेका, कासरा आवळ," सासरे ओरडले.

यांनी सुकाणू सोडून दोन्ही हातांनी दोर आवळला. आमच्याकडं जनावर बिथरलं की कासरा ओढतात. रांगायला लागल्यापासून बैल पाहिलेला माणूस घाबरला की दुसरं करणार तरी काय? पण होडीचं सगळं उलटं असतं. दोर जितका ओढावा तितकं शीड जास्त वारा धरतं आणि होडी जास्त कलते. साहेबांनी हे सांगितलं असणारच, पण त्या घटकेला यांना ते कुठलं आठवायला. होडी कलली की हे ओढत, ओढलं की ती आणखी कलत होती.

पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं. मुलगी झोपली होती, झोपेत ओठ चोखत होती. तिच्याकडं पाहिलं आणि डोक्यात एकच आलं, ही मला बांधलेली आहे. मी बुडाले की ही माझ्याबरोबर तळाला जाणार. मी गाठ सोडायला लागले. कापड भिजून गाठ आवळली होती, नखांनी निघेना. शेवटी मान वाकवून दातांनी ओढली. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही.

गाठ सुटली. मी तिला उचललं आणि यांच्यापुढं धरलं.

"हिला घ्या," मी म्हणाले. "तुम्हाला पवता येतंय. माझ्याकडं बघू नका."

यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तिला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. दोर सुटला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं फडफडायला लागलं आणि होडी हळूहळू सरळ झाली. मग एका हातात मुलगी धरून यांनी दुसऱ्या हातानं शीड उतरवलं, आणि वाऱ्यानंच आम्हाला पलीकडच्या काठाला नेऊन लावलं.

सासरे पुढं कितीतरी वर्षं सांगत, "आमची सून लई हुशार. पोर हातात देऊन बरोबर दोर सोडवला." लोक कौतुक करत, मी ऐकून घेई. हुशारी कसली डोंबलाची. दोराचं मला काहीच कळत नव्हतं. मी पोर देऊन टाकली होती.

काठाला उतरलो तेव्हा ती जागी झाली आणि भुकेनं रडायला लागली. यांनी तिला माझ्यापुढं धरलं. माझी चोळी दुधानं भिजली होती, पण हात काही केल्या पुढं होईनात. मी तशीच चिखलात बसून राहिले. शेवटी यांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं. ती प्यायला लागली तरी मला वाटत होतं, कुणाची तरी लेक मी थोडा वेळ सांभाळतेय.