झुंबड म्हणजे वर्दळ नव्हे

बंगळुरात गर्दी कुठे नाही? पण त्या गर्दीला तिच्या योग्य नावानं हाक मारणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान, तिसऱ्या पिढीचं. गल्लीकडे तोंड करून गादीवर बसायचं आणि कापडाची प्रत सांगावी तशी बाहेरच्या माणसांची प्रत ठरवायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. नुसतं 'गर्दी' म्हटलेलं त्यांना खपत नसे. सकाळी दुकानं उघडताना असते ती वर्दळ. खांदा चुकवून जाता येतं तोवर गजबज. खांदा लागला आणि समोरच्यानं वळून पाहिलं तर रेटारेटी. लागूनही कुणी वळून पाहिलं नाही, तर झुंबड. "हेब्बाळच्या पुलावर दीड तास अडकलो, केवढी गर्दी होती," असं मी एकदा म्हणालो, तर शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तो खोळंबा. गर्दीत माणसं हलतात." एका लग्नात तर पंगतीकडे निघालेल्या पाहुण्यांचा अंदाज घेत त्यांनी मला बाहीला धरून उठवलं होतं. "आत्ता लगबग आहे, चला. स्वल्प थांबलात तर धांदल होईल, आणि धांदलीत जिलबी उरत नाही." जिलबी खरंच उरली नाही. नात्यातलं कुणीही चिकपेटेत जाण्याआधी मामांना फोन करी. त्यांनी 'वर्दळ' म्हटलं की निघायचं, 'झुंबड' म्हटलं की घरी बसायचं. त्यांचा शब्द कधी चुकला नाही.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलानं ठरवून टाकलं, "दिवाळीनंतर अण्णांनी दुकानात यायचं नाही. येलहंक्याला आमच्याकडे आरामात राहायचं." मामा 'सरी', म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले. त्यांना गादीवर बसलेलं एकदा शेवटचं पाहून यावं असं आम्हा सगळ्यांच्याच मनात होतं, पण ऐन दिवाळीत चिकपेटेत पाऊल घालायची छाती कुणाची? तरी शेवटच्या शनिवारी मी फोन केला. "नुसती वर्दळ आहे," मामा म्हणाले. "सगळ्यांना घेऊन या." आम्ही नऊ जण निघालो. गल्लीच्या तोंडाशीच मेहुणीची एक चप्पल गेली. माझ्या सदऱ्याची दोन बटणं कुणाच्या तरी पिशवीबरोबर पुढे निघून गेली. धापा टाकत दुकानात शिरलो, तर मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून बसलेले आणि समोर नऊ कॉफ्या निवत ठेवलेल्या.

"मामा, ही वर्दळ?" मी चिडूनच विचारलं.

त्यांनी बाहेर पाहिलं. "झुंबड आहे," ते म्हणाले. "पण फोनवर तसं सांगितलं असतं, तर आला असता का तुम्ही?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटली. आमची ही गादीवर त्यांना चिकटून बसली. दुकान बंद होईपर्यंत आमच्यातल्या कुणीही घरी जायचं नाव काढलं नाही.