आधीचा माणूस का चालला

ज्या कामाला कोणी वाली नाही, ते आमच्या दवाखान्यात माझ्या टेबलावर येऊन पडतं. पगार माझ्याकडे, रजा माझ्याकडे, पाण्याची मोटर जळली तर तीही माझ्याकडे. गडचिरोलीच्या पुढे, एसटी जिथून परत वळते, त्या गावात एका संस्थेचा हा दवाखाना आहे आणि त्याचं ऑफिस मी सांभाळते. तेव्हा कम्प्युटरवाला माणूस शोधायची जाहिरातही मीच लिहायची, हे कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

तसा माणूस होता. नागपूरचा इंजिनिअर, तिशीचा, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. आमच्या भागात सिकलसेलचे पेशंट गावोगाव. गोळी चुकली, पाणी कमी प्यायलं, थंडी बाधली की लेकराची हाडं अशी ठणकतात की बघवत नाही. कोणत्या गावात कोणत्या घरी या आठवड्यात गोळ्या पोचवायच्या, हे सांगणारी सिस्टीम त्या पोरानं एकट्यानं बसून बनवली होती. गोळ्या वाटणाऱ्या आमच्या बाया सकाळी मोबाइल उघडायच्या आणि त्यात दिसेल त्या गावी सायकलीनं निघायच्या.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, घरी पाळणा हलणार आहे. दिवाळीनंतरची तारीख दिली डॉक्टरनं. बायको माहेरी आहे नागपूरले. मले तेव्हा तिथी राहाचं आहे, अन् मंग तिथीच राहाचं आहे." मला आनंद झाला. "जा ना बापा," मी म्हटलं, "पण तुझ्या जागी कोणी बसव अन् जा." तो लगेच हो म्हणाला. आपली सिस्टीम बेवारस टाकून जाणारा तो नव्हताच. म्हणजे त्याचं बायकोच्या बाळंतपणाला पोचणं आता माझ्या जाहिरातीवर आलं. आली का पंचाईत!

पहिली जाहिरात मी झकास लिहिली. निसर्गरम्य परिसर, सेवाभावी वातावरण, आकर्षक वेतन, राहण्याची मोफत सोय. आणि शेवटी, आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही सुचेल तेच मला सुचलं: 'परिसर पूर्णपणे सुरक्षित आहे.' आमच्याकडे कोणाची बदली झाली की लोक त्याचं सांत्वन करायला जातात, तेव्हा आपण आधीच खुलासा केलेला बरा, असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मोजकेच फोन आले. सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "सुरक्षित म्हणजे? काय झालं होतं तिकडे?" काही नाही झालं रे बाबांनो, असं सांगून सांगून माझा घसा बसला.

मग विश्वस्तांचा फोन. ते राहतात लांब शहरात, उंटावरून शेळ्या हाकतात. म्हणाले, जिल्ह्याचं नावच काढून टाका. दुसऱ्या जाहिरातीत मी 'विदर्भातील नामांकित रुग्णालय' लिहिलं. त्यावर पुण्याचा एक मुलगा खरंच आला. नागपूरपर्यंत रेल्वे, तिथून गडचिरोली, तिथून आमची एसटी. उतरला, चहा प्यायला, मोबाइल उंच धरून अंगणभर फिरला, आणि तीच बस वळून उभी होती तिच्यात जाऊन बसला. त्याचा राग नाही आला मला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं फोन करून जे सुनावलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. "बाई, तुम्ही फसवून बोलावलं माझ्या लेकराला." खरंच होतं.

तोवर धान निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या. इंजिनिअर दर रविवारी बायकोला फोन लावायचा आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून नुसता हं हं करायचा. एकदा तिनं मलाच फोनवर घेतलं. भांडली नाही. "ताई, यांले सोडाल ना?" एवढंच विचारलं. भांडली असती तर परवडलं असतं.

तिसरी जाहिरात लिहायला बसले तेव्हा माझा अगदी जीव विटला होता. तो मागून येऊन वाचायला लागला आणि हसला. "बाई, तुमी जाहिरात लिहून राह्यले का लग्नाचा बायोडाटा?"

"मग तूच सांग शहाण्या!"

"आमी लोक आधी पाहतो काम काय आहे. कोणती सिस्टीम, किती जुनी, बिघडली तं कोणाचं अडते, अडलो तं विचाराचं कोणाले. तुमी झाडं लिहिता. सेवाभावी लिहिता. सेवाभावी म्हटलं का समजते माणूस, पगार कमी आहे. आकडा लिहा ना सरळ."

मला माझा बाप आठवला. गोंडपिपरीच्या बाजारात बैल विकायला न्यायचा, तर गिऱ्हाईक दात बघायच्या आधी हा खोड सांगून मोकळा. हा उजव्या अंगाले बुजते. हा नाल्यात बसते. आमच्याकडे ती रीतच आहे. खोड लपवून विकलेला बैल परत येतो, आणि सोबत चार माणसं भांडायला आणतो. पुण्याचं पोर परत गेलं ते काही वेगळं नव्हतं. मी इंजिनिअरला म्हटलं, बस इथं, इथली खोड काय आहे ते सांग.

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. वीज जाते, बॅटरी आहे, पण ती दिवसभर पुरत नाही. पावसात नाल्यावरून पाणी गेलं की बस नाही आणि नेटही नाही. या कामात इथं तुम्ही एकटे असाल, शेजारच्या टेबलाला विचारू असं होणार नाही. पगार एवढा, यात वाढवून मिळणार नाही. सिस्टीम बिघडली तर त्या आठवड्यात कुठल्या तरी गावात एका लेकराची गोळी चुकते. मात्र सिस्टीम कशी चालवायची ते तुम्ही ठरवाल, वरून कोणी बोट घालणार नाही.

"झालं?" मी विचारलं.

त्यानं माझं लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "आधीचा माणूस काऊन चालला, तेही लिहा. मी असतो तं पहिले तेच विचारलं असतं." आम्ही लिहिलं: त्याच्या घरी बाळ येणार आहे आणि त्याला तिथं असायचं आहे.

विश्वस्त भडकले. अशी जाहिरात कोणी देतं का, संस्थेची अब्रू वगैरे. मी म्हटलं, "मग तुम्हीच या साहेब, बसा कम्प्युटरवर." फोन ठेवला आणि जाहिरात टाकून दिली. नोकरी गेली असती तर गेली असती, इतकी मी थकले होते.

फोन आला तो एकाच बाईचा. मूळची आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याची, हैदराबादला नोकरी, मराठी तेलुगूच्या चालीवर बोलणारी. आम्ही सगळे जन्मभर नागपूरकडे तोंड करून बसलेलो. खाली गोदावरीकडूनही कोणी येऊ शकतं, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तिनं नमस्कारसुद्धा घाईतच केला आणि विचारलं, "मॅडम, वीज गेल्यावर गावातल्या मोबाइलमधला डेटा कुठं थांबतो?" मी मुकाट्यानं फोन इंजिनिअरच्या हातात दिला. दोघं तासभर बोलत होते. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण त्याचा चेहरा असा खुलला होता की मी बघतच राहिले. कितीतरी दिवसांनी त्याला त्याच्या भाषेत बोलणारं माणूस भेटलं होतं.

ती येते म्हणाली. पण तिची कंपनी नोटीसचे दिवस भरल्याशिवाय सोडेना. आणखी थांबा. कापणी झाली, दिवाळी झाली, मग ती आली. आल्या आल्या कामाला भिडली. हा तिला सगळं समजावत बसला. मी रोज ओरडायची, अरे निघ! तो म्हणायचा, तारीख लांब आहे अजून, बाई, उद्याच्या गाडीनं जातो. असं करत एकदाचा सकाळच्या बसनं गेला.

बस सुटून फार वेळ झाला नव्हता, तोच माझ्या मोबाइलवर नागपूरचा फोन. त्याची सासू. "त्याचा फोन लागून नाई राह्यला. पोरगी झाली. लवकरच झाली, पण दोघीही चांगल्या आहेत."

गडचिरोली येईपर्यंत रस्ताभर जंगल आणि रेंजचा पत्ता नाही. मी लावत राहिले. व्हाउचर तसेच पडून होते, मोटरवाला दारात उभा होता, मी लावत राहिले. आपण जिच्याकडे धावतोय ती येऊन पोचली, हे त्या बसमधल्या बापाला माहीत नाही आणि मला माहीत आहे. असली श्रीमंती कोणाला हवी होती? नवी बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिला सांगितलं तर तीही आपल्या मोबाइलवरून लावायला लागली.

शेवटी एकदाचा लागला. मागे गडचिरोलीच्या स्टँडचा कालवा. मी काही बोलायच्या आत हाच म्हणाला, "बाई, नव्या मॅडमले रात्रीचा बॅकअप जमला का?"

"खड्ड्यात गेला तुझा बॅकअप, मेल्या!" मी ओरडले. "पोरगी झाली तुले!"

मला वाटलं, रेंज गेली. मग ऐकू आलं, तो रडत होता, भर स्टँडवर, लहान लेकरासारखा. आणि रडता रडता म्हणाला, "मी नव्हतो ना बाई तिथी."

"नव्हतास," मी म्हटलं. "आता जा."