शेजारच्या आजींच्या विटा

आई कॅनडात, विनिपेगला पहिल्यांदा आली, तेव्हा विमानतळावरच तिने मला बजावलं, "मी बांधकामावर घमेली वाहिली हे इथं कुणाला सांगू नको. तुझी मान खाली जायची." माझं सगळं इंजिनियरिंग त्या घमेल्यांवर झालं होतं. तरी मी 'बरं' म्हटलं.

आमच्या शेजारी नव्वदी ओलांडलेल्या एक जर्मन आजी राहतात. हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाडीने त्यांच्या अंगणाची विटांची भिंत पाडली. बर्फ वितळल्यावर आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, नव्या विटा आणू.

"तुम्ही शिकलेल्या पोरी, लगेच दुकान गाठता," आजी हसल्या. मग त्यांनी सांगितलं, महायुद्ध संपलं तेव्हा त्यांच्या शहराचा ढिगारा झाला होता. पुरुष मेलेले, नाहीतर कैदेत. बायका ढिगाऱ्यातून विटा काढायच्या, चुना खरवडून रचून ठेवायच्या. त्याच विटांची पुन्हा घरं झाली. आजी तेव्हा शाळकरी, आईबरोबर जायच्या. "आख्ख्या गल्लीत माझ्याइतकी सरळ रास कुणाची नव्हती," असं त्यांनी ऐटीत सांगितलं.

मी हे आईला मराठीत सांगितलं.

मी हातोडी आणि गवंड्याची थापी घेऊन विटा साफ करायला बसले. पहिल्या विटेचे दोन तुकडे झाले, दुसरीचे तीन.

"तू पूल बांधतेस ना?" आजी म्हणाल्या. "कुठला ते सांगून ठेव. मी दुसऱ्या रस्त्याने जाईन."

आईलाही राहवेना. "काय करायलीस माय! वीट हाय ती, नारळ नाही." तिने थापी उचलली, वीट तळहातावर धरली आणि कडेने तिरपे, हलके घाव घातले. चुना पापुद्र्यासारखा निघाला, वीट आख्खीच्या आख्खी. बघता बघता तिच्याशेजारी रास लागली.

"ही कुठं शिकली?" आजींनी विचारलं.

मी आईकडे वळले. "कुठं शिकलीस विचारतात. बागकामाची आवड आहे म्हणून सांगू?"

आईने थापी खाली ठेवली. आजींच्या हातांकडे पाहिलं.

"खरं सांग. बांधकामावर होते म्हणावं. एका खेपेला डोक्यावर बारा विटा न्यायचे, तिसऱ्या मजल्यापर्यंत."

मी सांगितलं. आजींनी आईला खालून वर निरखलं. "बारा? एवढ्याशा मानेवर?"

तेही मी मराठीत सांगितलं. आईला ते चांगलंच झोंबलं.

"आता चौदा सांग तिला."