दार लोटून ठेवलंय

फोन तोंडासमोर आडवा धरायचा, गरम बटाटेवडा फुंकायला धरतो ना तसा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आयकतास मां?" म्हणजे ऐकताय ना? वैनींचा प्रत्येक निरोप असा सुरू व्हायचा. आणि एवढं विचारून त्या थांबायच्या. समोर कोणी नाही, नुसता आवाज रेकॉर्ड होतोय, पण विचारलंय तर माणसाला उत्तर द्यायला वेळ नको का! त्या थांबण्यात मागचा पंखा ऐकू यायचा, कुकर ऐकू यायचा, कधी एखादा कावळा. मग पुढचं बोलणं.

तुम्हाला म्हणून सांगते, आम्ही खरंच उत्तर द्यायचो. मी भाकरी थापता थापता म्हणायची, "ऐकतेय, बोला." माझे मिस्टर पेपरातून मान वर काढायचे.

"कोणाशी बोलतेस गं?"

"वैनींशी."

"कुठायत त्या?"

"फोनमध्ये."

ते परत पेपरात जायचे. पुढे पुढे तेही नुसतं "हं, बोला" म्हणायला लागले.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही. बी विंगच्या आम्हा बायकांचा एक ग्रुप फोनवर, आणि वैनी त्याच्या ॲडमिन. ग्रुप निघाला तो पाण्यासाठी. पंपाची खोली वैनींच्या खिडकीखाली, त्यामुळे पंप सुरू झाला की सगळ्यात आधी त्यांना कळायचं. "आयकतास मां? ...पाणी इला." की सगळ्या विंगमध्ये बादल्यांचा आवाज. मग हळूहळू विरजण, कढीपत्ता, पावशेर डाळ, सुनेचं बाळंतपण, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळंच तिथे यायला लागलं. तुमच्याकडेही असेल असा एखादा ग्रुप. पण वैनी नसतील.

त्यांना टाइप करता यायचं, आवडायचं नाही. "लिवलेला कोणी लिवल्यान काय कळता? आवाज कसो, वळाखता," असं म्हणायच्या. जन्म मालवणकडचा, लग्नानंतर सगळं आयुष्य मुंबईत, पण बोली काही सुटली नव्हती. मी बुलढाण्याकडची. पहिली काही वर्षं मी त्यांच्या अर्ध्या बोलण्याला अंदाजानेच मान हलवली.

ग्रुपमध्ये घ्यायचा त्यांचा एक नियम होता. तोंड बघितल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहायला आली, ऐरोलीला कंपनीत जायची. जिन्यात तिने वैनींना सांगितलं, "आँटी, मला ग्रुपची लिंक पाठवा ना."

"लिंक नाय. चाय घेवक ये."

"मला ऑफिसमुळे वेळ नाही होत, आँटी."

"मगे वेळ झालो की ये. ग्रुप खंय पळान जाता?"

रविवारी आली बिचारी. वैनींनी तिला चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली, आईवडील काय करतात, रात्री उशीर झाला तर घरी कशी येतेस, सगळं विचारलं. मग स्वतःच्या हाताने तिचा नंबर घातला. नंतर मुलगी मला म्हणाली, "काकू, नोकरीच्या इंटरव्ह्यूला पण एवढं नव्हतं विचारलं." पण हसत होती.

आता भाऊंचं सांगते. भाऊ म्हणजे वैनींचे यजमान. विक्रोळीला कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले आणि पुढे त्यांना झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. "हां" एवढा एकच शब्द उरला. पण कळायचं सगळं. खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे, दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा शर्ट. वैनींनी त्यांना कधी बनियनवर बसवलं नाही.

एकदा वैनी दळण आणायला गेल्या होत्या आणि इकडे भाऊ खुर्चीतून घसरले. हाक मारता येत नव्हती. भिंतीपलीकडे मी घरातच होते, पण मला कसं कळणार? वैनी परत येईपर्यंत ते तसेच फरशीवर. लागलं काही नव्हतं फारसं, पण डोळ्यांत जी भीती बसली होती ती कितीतरी दिवस गेली नाही. त्या दिवसापासून वैनींनी धसका घेतला. मला म्हणाल्या, "मराण काय, ता सगळ्यांका आसा. पण हेंका एकट्याक काय होवक नको. हाक मारूक पण येना नाय गो त्या माणसाक."

त्यावर त्यांनी जो उपाय काढला, तो ऐकून बाहेरचं माणूस डोक्याला हात लावेल. बाहेर पडायचं असलं की ग्रुपवर निरोप टाकायच्या. "आयकतास मां? ...मी जरा बाजारात जातंय. दार लोटून ठेवलंय." एवढंच. कडी नाही, कुलूप नाही. मग जिला जमेल ती जायची. कोणी भाजी निवडायला घेऊन जायची, कोणी नुसतीच मालिकेची गोष्ट सांगत बसायची. मी पेपर वाचून दाखवायची. कोण जाणार हे कधी ठरवावं लागलं नाही, आणि कोणीच गेलं नाही असंही कधी झालं नाही.

मुलगा पुण्याला. गुणी मुलगा, रोज फोन करायचा. त्याला हे कळलं तेव्हा तो चिडला.

"आई, घर उघडं आहे असं सगळ्यांना सांगतेस तू?"

"सगळ्यांका खंय? माझ्या माणसांका."

आणि मग एक दिवस तो निरोप खरोखरच सगळ्यांना गेला.

झालं काय, वैनींना एक जुनं कपाट विकायचं होतं, म्हणून त्या मुलुंडच्या एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपमध्ये शिरल्या होत्या. शेकडो माणसं त्यात. कोणी सायकल विकतंय, कोणी लोणची. कपाट विकलं गेलं तरी वैनी तिथून निघाल्या नाहीत. "लोकांच्या घरात काय काय आसता, बघूक बरा वाटता," म्हणायच्या. त्या दिवशी बँकेत जायच्या घाईत त्यांनी बोट ठेवलं ते त्या ग्रुपवर. अख्ख्या मुलुंडला कळवून टाकलं, "आयकतास मां? ...मी बँकेत जातंय. दार लोटून ठेवलंय. हे एकटेच आसत." आणि कपाटाच्या जाहिरातीत घराचा पत्ता होताच, विंग आणि खोली नंबरासकट.

आमच्या ग्रुपवर अर्थातच काही आलं नाही. मी भाजी घेऊन जिना चढत होते, तर वैनींच्या दारात अनोळखी चपला. पुरुषाच्या नव्हेत, बाईच्या, पण आमच्या विंगच्या नव्हेत. विंगमधल्या सगळ्या चपला मला पाठ. दार ढकललं तर भाऊंच्या समोर स्टुलावर एक परकी बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. पिशवीतला दुधी मी असा हातात घेतला, जशी काय लाठीच.

"कोण हो तुम्ही? आत कशा आलात?"

"तुम्ही कोण?"

"मी शेजारची!"

"शेजारच्या? मग होता कुठे इतका वेळ?" बाईच माझ्यावर भडकली. "मी कधीची बसलेय! अहो, ह्यांनी सगळ्या मुलुंडला सांगितलं, दार उघडं आहे, म्हातारा माणूस एकटा आहे. मी ऐकलं आणि हातातलं काम टाकलं. म्हटलं, दुसरं कोणी पोचायच्या आत आपण पोचू. रिक्षा करून आले मी!"

ती भाजणी, मेतकूट करून विकायची, स्टेशनपलीकडे राहायची. मागे कपाट बघायला येऊन गेली होती, कपाट तिच्या जिन्यातून जाणार नाही म्हणून घेतलं नव्हतं. तेवढीच ओळख. मी दुधी हळूच पिशवीत घातला. भाऊ आमच्या दोघींकडे बघून म्हणाले, "हां." आणि हसले. त्यांना सगळीच मजा वाटत होती.

वैनी आल्या, त्यांना सगळं कळलं. आधी त्यांनी भाऊंना नीट बघितलं, मग त्या बाईला चहा टाकला. चहा होईपर्यंत तिचा नंबर आमच्या ग्रुपमध्ये गेलाही. चौथ्या मजल्यावरच्या एकीने विचारलं, "वैनी, पण ती आपल्या विंगची नाही ना?" वैनी म्हणाल्या, "जी माझ्या माणसाकडे येवन बसता, ती माझ्या विंगची."

पण बातमी पुण्याला पोचायची ती पोचलीच. कोणीतरी तो आवाज मुलाला पाठवला, "ही तुझी आई ना?" म्हणून. शनिवारी तो हजर. सोबत एक छोटा कॅमेरा. मला मुद्दाम बोलावून घेतलं, म्हणाला, "काकू, तुम्ही तरी सांगा हिला."

"आई, वाट लागली असती. कळतंय का तुला?"

"लागली नाय मां?"

"नशीब तुझं!"

"नशीब खंय? बाई इली."

तो डोकं धरून बसला. मग शांतपणे म्हणाला, "पुण्याला चला दोघं. आमच्या जवळच एक चांगलं केंद्र आहे. दिवसभर बाबांजवळ शिकलेला माणूस असेल. तूही मोकळी होशील."

वैनी भाऊंच्या शर्टाची कॉलर सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "थंय हेंका कोण वळाखता रे? ह्यो माणूस एक 'हां' म्हणता. हय सगळ्यांका कळता, कुठलो हां पाण्याचो आणि कुठलो हां हसण्याचो. थंय कोणाक कळतलो?"

मुलाची भीतीही काही खोटी नव्हती. शेवटी ठरलं की कॅमेरा लावायचा, महिनाभर बघायचं, आणि मग ठरवायचं. वैनींनी एकच अट घातली. "बघ, पण आयकू नको. आवाज बंद कर. बायकांका मोकळेपणान बोलूक व्हया."

तो महिना आम्ही कसा काढला, आमचं आम्हाला माहीत. वैनींना पुण्याला जावं लागू नये म्हणून सगळ्यांना पास व्हायचं होतं. घरात गाऊनवर वावरणारी एक जण भाऊंकडे जाताना साडी नेसून जायची. भाजणीवाल्या बाई केसात गजरा घालून यायच्या. मी पेपर उलटा धरून वाचत होते असं एकदा भाऊंनीच मला बोट करून दाखवलं. वैनी मात्र तशाच. सकाळी धूळ पुसताना त्या कॅमेऱ्याची काच पदराने पुसायच्या, लहान पोराचं तोंड पुसतात तशी, आणि विचारायच्या, "जेवलंस रे?" आवाज बंद आहे हे माहीत असून.

महिना संपत आला आणि मला मुलाचा फोन आला.

"काकू, काल दुपारी तुम्ही बाबांना काय सांगत होता?"

मी घाबरून आठवायला लागले. "काही नाही रे, आपल्या सेक्रेटरीची नक्कल करत होते. मीटिंगमध्ये चष्मा शोधतात ना, डोळ्यांवर असतो तरी, ती."

"बाबा हसले."

"हसतात की. रोज हसतात. तुला माहीत नव्हतं?"

मग तो म्हणाला, "माझ्यासमोर नाही हसत, काकू. मी आलो की सारखं औषधाचंच विचारतो."

त्यानंतर पुण्याचं नाव निघालं नाही. पुढच्या वेळी तो आला तेव्हा वडिलांसमोर बसून त्याने शाळेतल्या मास्तरांची नक्कल केली. वाईट केली, पण भाऊ हसले. कॅमेरा पुढे कधी बंद पडला, ते त्यालाही कळलं नाही.

वैनी आता पुण्याला असतात, मुलाकडे. भाऊ गेल्यावर राहण्यात अर्थ नाही, असं त्याच म्हणाल्या, आणि यावेळी आम्ही कोणी अडवलं नाही. त्यांच्या जागेत आता दुसरी माणसं आहेत, चांगली आहेत, पण कुलूप लावून जातात. मी जिना चढून आले की घरात शिरण्याआधी अजून त्या दारापाशी दम खायला थांबते आणि मला दरवेळी ती एकच दुपार आठवते.

वैनी मासे आणायला गेल्या होत्या. मी भाऊंजवळ होते. भाऊंनी पाणी मागितलं, मी पाजलं. मग त्यांनी मान खुर्चीला टेकवली, मला वाटलं डोळा लागला. बोलता बोलता मी त्यांचा हात उचलून मांडीवर ठेवायला गेले आणि मला कळलं. मी ग्रुपवर काही टाकलं नाही. रस्त्यात, पिशवी हातात असताना, फोनमध्ये कोणाला असं कळू नये. नुसती बसून राहिले.

वैनी आल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दारातच थांबल्या.

"तू होतंस?"

"मीच होते, वैनी. इथेच. हात हातात होता."

"बोलत होतंस मां तू? की गप होतंस?"

"बोलत होते हो. वांग्याचं भरीत सांगत होते त्यांना. आमच्याकडचं, हिरव्या मिरचीचं."

रडता रडता वैनींना हसू फुटलं. "वांगी तेंका कधी आवडली नाय गो."

मग त्या आत आल्या. पिशवी माझ्या हातात दिली, पदराला हात पुसले, स्टूल ओढून भाऊंच्या अगदी जवळ बसल्या आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. "इलंय हां मी," त्यांना म्हणाल्या. "बांगडे मिळाले आज. ताजे. ती तुमची कोळीण होती ना, ती विचारी होती तुमका..."

मी बाहेर जिन्यात येऊन उभी राहिले. वरून कोणीतरी खाली येत होतं, त्यांना हातानेच थांबवलं. वैनींचं सांगून झालं नव्हतं.