कुंकवाखालची ओळ

इंदापूरच्या कोर्टात दावा दाखल करायला आता बारामतीहून जावं लागत नाही. माझ्या ऑफिसातल्या टेबलावरूनच तो जातो. कागद कृष्णधवल स्कॅन करायचे, तीनशे डीपीआयवर. पानं सरळ हवीत, अक्षरं शोधता यायला हवीत आणि फाइल पीडीएफ-ए हवी. ते ‘ए’ नसेल तर परत. हे मला झोपेतसुद्धा जमेल. अलीकडं माझी वकिली एवढीच उरली आहे. तक्रार नाही, तक्रार करायलाही अंगात जीव लागतो.

भिगवणजवळच्या वस्तीवरची एक मावशी आली, तेव्हाही मी काहीतरी अपलोडच करत होते. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. शेतातल्या सामाईक विहिरीत तिचा निम्मा हिस्सा होता. पुतण्यांना तिथं प्लॉट पाडायचे होते, म्हणून ते विहीर बुजवणार होते. मुरमाचे ढीग काठावर येऊन पडले होते.

“वकीलबाई, तेवढी हीर ऱ्हाऊ द्या. बाकी मला काय बी नको.”

तिनं पिशवीतून जुनं वाटणीपत्र काढलं. त्यावर कुंकवाचा जाड थर होता. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडं घरोघरी जमिनीचे कागद पाटावर मांडतात, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. नियमाप्रमाणं कृष्णधवल स्कॅन केलं, तातडीच्या मनाईचा अर्ज जोडला आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी छाननीतून सगळं परत आलं. दस्त वाचता येत नाही, असा शेरा होता. उघडून पाहिलं. लाल कुंकू स्कॅनमध्ये काळंकुट्ट उतरलं होतं आणि विहिरीच्या हिश्श्याची ओळ नेमकी त्याखाली गेली होती. बाकी पान स्वच्छ. कुंकू तिथंच का लावलं, म्हणून मी मावशीला फोन केला.

“मला वाचता कुठं येतंय? मालकांनी बोट ठिवून दावलं हुतं, हितं आपली हीर हाय म्हणून. तितंच लावती दरसाली.”

मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

अडलं तर रंगीतही चालतं. रंगीत स्कॅनमध्ये कुंकवाखालची निळी शाई दिसली. फाइल जड झाली, तोडून दोन केल्या, पुन्हा पाठवल्या. या वेळी त्या घेतल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीश साहेबांनी मनाईही दिली. आदेश घेऊन मी स्वतः वस्तीवर गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असता तरी चाललं असतं. का गेले, सांगता येणार नाही.

विहिरीच्या जागी सपाट मुरूम होता. आदल्या संध्याकाळीच जेसीबीनं ती बुजवली होती. मावशी त्या मुरमावर बसली होती.

“पुतण्यांनी ती पुन्हा मोकळी करून द्यावी, असं आता दाव्यात मागू,” मी म्हणाले.

“किती सालं लागतील?”

“बरीच.”

तिनं मुरमावरून हात फिरवला. “पाणी न्हाय पायजे मला, बाई. नळ हाय की दारात. मालकांनी हीर खांदली, आन् माती मी उपसली. दुसरं काय हाय आमच्या दोघांचं?”

मी तिच्याशेजारी बसले. रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही.