दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या

नव्वदच्या दशकात पंचवटीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवायचे. मशीन कितीही गोंधळात चालवता यायचं, जीव खाली-वर व्हायचा तो कापताना. शिवण चुकली तर उसवता येते, कापड एकदा कापलं की गेलं. आणि नेमकी मी कात्री घेतली की सासूबाई सुरू व्हायच्या. दूध वर आलं, पाणी गेलं, कोथिंबीर महाग आणलीस. तोंड म्हणून बंद नाही! मी नुसतं "हं, हं" करायचे आणि मनात म्हणायचे, देवा, ही बाई चार दिवस कुठंतरी जाऊ दे, बघ माझं काम कसं होतं ते.

देवानं ऐकलं, पण भलत्याच तऱ्हेनं. मनमाडला नणंदेचा पाय मोडला आणि सासूबाई तिकडे गेल्या. नवरा कारखान्यात, मुलगी शाळेत, घर कसं शांत. मी ऐटीत कापायला बसले आणि एका फुलाफुलांच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या! उरलेल्या कापडात कसंबसं निभावलं. दुसऱ्या दिवशी एकीचा गळा भलताच खोल गेला. रेडिओ लावून पाहिला, तर गाणीच ऐकत बसले. बंद केला की माझंच डोकं बोलायला लागायचं. बरोबर आहे ना? पुन्हा मापू का? मापून मापून कापडभर खडूच्या रेघाच व्हायच्या.

तशात समोरच्या काकू मुलीच्या लग्नातल्या पैठणीचं ब्लाऊजपीस घेऊन आल्या. काठ जेमतेम दोन बाह्यांपुरता.

"रविवारी लग्न आहे. तुझ्यावरच भरवसा आहे गं."

ते बिघडलं असतं तर तसं कापड पुन्हा मिळणार नव्हतं, आणि गल्लीत मला कुणी उशीचा अभ्रासुद्धा शिवायला दिला नसता. खडू हातात धरून मी बसले ती बसलेच. शेवटी कापडाची घडी घातली आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मनमाडला फोन लावला.

"आई, एक दिवस या ना घरी."

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. तुमच्याशिवाय कापताच येत नाहीये मला."

"येते उद्या," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी पैठणीचं कापड पसरलं. त्या शेजारी बसल्या, डोळे भरलेले, आणि अगदी गप्प.

"बोला ना, आई."

"नको बाई. मोलाचं कापड आहे. मी आता चकार शब्द काढायची नाही."

घ्या! आता काय करावं?

"तुम्ही गेल्यापासून मी वरणाला फोडणीच देत नाही," मी ठोकून दिलं.

"काय? माझ्या लेकाला बिनफोडणीचं वरण?"

आणि झाल्या सुरू. वरणावरून माझ्या माहेरावर, तिथून मनमाडच्या पाण्यावर. मी कात्री उचलली. एक बाही डावी, एक उजवी, काठ कुठं सुताइतकाही हलला नाही.

"ऐकतेयस ना गं?"

"हं," मी म्हटलं.