गवती चहाचं तेल आणि प्यायचं पाणी

वर्ध्याला उतरले तेव्हा पिशवीत पाणी तपासायच्या पाच बाटल्या होत्या. पुलगावच्या एसटीत दाटीवाटीत एक फुटली, चार उरल्या. पाणी तपासणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. नाचणगावच्या पुढे एका वस्तीवर रेखाताई म्हणून एक बाई गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकून पाणी शुद्ध करतात, असं भाचीनं सांगितलं होतं. तेच पाहायला निघाले होते.

नाचणगावहून ऑटो केला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) कमरेएवढी उभी होती. रेखाताईंच्या अंगणात चुलीवर गवती चहा भरलेलं पत्र्याचं पिंप, त्यातून थंड पाण्यात सोडलेली नळी, आणि तिच्या टोकाशी ठिबकणारं पिवळसर तेल.

जेवायला भाकरी आणि बरबटीची (चवळीच्या शेंगांची) भाजी होती. पाणी मात्र मी माझ्या बाटलीतलंच प्यायले. रेखाताईंनी ते पाहिलं.

"क्लोरीनच्या पाण्याले कसातरीच वास येते, मॅडम. माह्या तेलाचं पाणी लेकरं मागून पितेत."

तेलात जंतू मारण्याचा गुण आहे, हे मला ठाऊक होतं. प्रश्न किती तेलाचा, एवढाच होता. एका बाटलीत त्यांच्या विहिरीचं नुसतं पाणी भरलं, दुसरीत त्यांच्या गुंडातलं (कळशीतलं) दोन थेंबांचं, तिसरीत भरपूर तेल घातलेलं, चौथीत क्लोरीनचं. या बाटलीत आधीच रसायन असतं; पाणी दूषित असलं की ते काळं पडतं. दोन दिवस तिथंच राहिले.

पहिली काळी झाली. दुसरीही. चौथी तशीच राहिली. तिसरीही राहिली, पण तेवढंच तेल घातलेलं वेगळं पाणी जिभेला लावताच रेखाताई थुंकल्या.

रेखाताईंनी काळी पडलेली दुसरी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "शेजारची मंदा बी पाण्यात माहंच तेल टाकते. तिची पोरगी मागच्या हप्त्यात हगवणीनं दवाखान्यात होती. मले वाटलं, बाहेरचं खाल्लं असन."

"त्यामुळेच झालं, असं नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"पन त्यानं नाई झालं, असंही नाई सांगता येत ना?"

त्या बाटली घेऊन उठल्या. मी मागोमाग गेले. मंदाबाई दारातच होत्या.

"मंदा, माह्या तेलानं पाणी साफ होत नाई. उकळून पेजो, नाई तर क्लोरीन टाकजो. चुकलं माहं."

"वास तर किती चांगला येते व!"

"वासानं जंतू मरत नाई."

मंदाबाईंनी आत जाऊन गुंड आणला आणि अंगणात पालथा केला. रेखाताई पुढच्या घराकडे वळल्या.

परतीच्या गाडीत मला माझे अहवाल आठवले. 'पिण्यास अयोग्य' असं मी कित्येकदा लिहिलं, सही केली, कागद पुढे पाठवला. ते वाक्य कुणाच्या दारात उभं राहून बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.